पाय गरम झाले का?

मित्रांनो, सहा-आठ महिन्यांचं बाळ आपल्याशी कसं बोलतं? रडून! भूक लागली, रड. झोप आली, रड. आई आणि आजी त्या रडण्यावरून त्याला काय हवंय ते बरोबर ओळखतात. पण कधी कधी बाळ एकाएकी किंचाळून रडायला लागतं आणि थांबतच नाही. दूध घेत नाही. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, उलट्या आणि हातपाय मात्र गारेगार. कोकणात अशा वेळी जाणती माणसं आधी दुपटं झटकून बघतात. कारण त्यात लाल विंचू दडलेला असू शकतो!

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, महाड... रायगड जिल्ह्यातल्या या भागात लाल विंचू काही नवा नाही. जांभ्या दगडाच्या फटी, कौलं, लाकडाचा ढीग, गवताचा भारा ही त्याची राहायची ठिकाणं. मोठ्या काळ्या विंचवाला आपण जास्त घाबरतो. पण खरा धोका या लहानशा, तांबूस विंचवाचा. त्याचं विष अंगात गेलं की रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बागेतला पाण्याचा पाइप कुणी मुठीत दाबून धरला तर काय होईल? मागे जोर वाढेल. तसाच रक्ताचा दाब वाढतो आणि हृदयाची दमछाक होते. पुढे फुप्फुसांत पाणी साठतं. मोठ्या माणसाला आणि बाळाला विंचू सारखंच विष टोचतो. पण बाळाचं अंग केवढंसं! म्हणून लहान मुलांना धोका जास्त.

हे सगळं आज आपल्याला माहीत आहे, ते महाडजवळच्या एका डॉक्टरांमुळे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस जण दगावत. त्यांत मुलं खूप. यावर नेमकं औषध कुणाजवळच नव्हतं. मग डॉक्टरांनी काय केलं, माहीत आहे? ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले! दिवस नाही, रात्र नाही. नाडी मोजायची, रक्तदाब बघायचा, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले ते लिहून ठेवायचं. या नोंदींवरूनच त्यांना कळलं, की रुग्ण जातो तो हृदयावरच्या ताणाने. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात त्यांची निरीक्षणं छापून आली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं ‘प्राझोसिन’ नावाचं औषध रक्तदाबासाठी वापरात होतंच. ते त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि १९८६ मध्ये त्याबद्दलही तिथेच लिहिलं. शंभरातले पंचवीस-तीस मृत्यू पुढे दोन-चारांवर आले. २०२२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

पण आज मला तुम्हांला सांगायचंय ते खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसांबद्दल. म्हणजे बाळाच्या आई-बाबांबद्दल.

हे औषध सुरू असताना रुग्णाला आडवंच ठेवावं लागतं. एकदम उचललं, तर रक्तदाब झपकन खाली येऊन घेरी येते. मोठ्या माणसाला ‘पडून राहा’ म्हटलं की तो पडून राहील. बाळाला कोण सांगणार? ते हात पसरून रडणार. आणि आईचं पहिलं काम कुठलं? रडणाऱ्या बाळाला उचलून छातीशी धरणं! नेमकं तेच तिला करता येत नाही. ती शेजारी वाकून बसते, थोपटते, गुणगुणते, पण उचलत नाही. विचार करा, केवढं अवघड असेल ते! पाहणाऱ्याला वाटतं, ही नुसतीच बसलीय. खरं तर ती त्या क्षणी उपचारच करत असते.

आणखी एक काम आई-बाबा करू शकतात. औषध ठरावीक तासांनी पुन्हा देतात, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत. मग बाबा तासातासाला बाळाच्या तळव्याला हात लावून बघतात, “पाय गरम झाले का?” नर्सताईंना सांगतात. त्याला ना यंत्र लागतं, ना डिग्री. डॉक्टर बावस्करांनी बिरवाडीत केलं तेच हे काम : जवळ बसायचं आणि नीट लक्ष द्यायचं.

आता विंचवावर प्रतिविषही मिळतं. २०११ मध्ये महाडच्या बावस्कर रुग्णालयातला एक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यात ७० रुग्ण होते, सहा महिन्यांहून मोठ्या बाळांपासून पुढचे. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन दिलं, ३५ जणांना जोडीला प्रतिविष. दहा तासांनी पहिल्या गटातले ८ पूर्ण बरे होते, तर दुसऱ्या गटातले ३२! म्हणजे आई-बाबांची ती लांबलचक रात्र आता पुष्कळ लहान झाली आहे. मात्र बाळ वेळेवर दवाखान्यात पोचलं तरच, बरं का!

म्हणून विंचू उतरवणाऱ्याकडे धावू नका. त्याच्याकडे माणसं बरी झालेली दिसतात, कारण पुष्कळ दंश मुळात सौम्यच असतात. ती आपोआपच बरी होतात. पण बाळाचा दंश सौम्य की गंभीर, हे मंत्राने कळत नाही. तिथे घालवलेला तास पुन्हा मिळत नाही.

आणि तुम्ही ताई-दादा मंडळींनी काय करायचं? घड्याळ बघून दंशाची वेळ कागदावर लिहा. १०८ला फोन लावा किंवा शेजारच्या काकांना गाडी काढायला सांगा. बाळाला बरोबर घेऊन निघालेल्या आईच्या पिशवीत दुपटी, पाण्याची बाटली आणि दवाखान्याचे जुने कागद टाका. नंतर जेवणाचा डबा पोचवा. आई दोन घास खाईल तेवढा वेळ बाबांना खाटेशी बसू द्या. आई घरी आल्यावर एखाद्या वेळी उगाच चिडली, तर रागावू नका. ती रात्रभर झोपलेली नसते.

आज रात्री मात्र सगळ्यांनी मिळून एक काम करायचं : बाळाचं अंथरूण झटकायचं, ते भिंतीपासून हातभर दूर घालायचं, वर मच्छरदाणी लावून कडा नीट खोचायच्या. आणि हो, हा मजकूर घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

भेटू पुढच्या आठवड्यात!