दोन वाक्यांचा खर्च

विमान उतरताना धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारे रेडिओ संकेत धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाजवळील अँटेनातून येतात. जमिनीवरचे मोठे विमान या अँटेनासमोर आले की त्याच्या उंच शेपटीवर आदळून संकेत बिघडतात. एअरबस ए-३८० ची शेपटी तर जमिनीपासून २४ मीटर उंच!

म्हणूनच दाट धुक्यात अँटेनासमोरचा पट्टा मोकळा ठेवतात. त्यासाठी विमानांतील अंतर वाढते, तासाला उतरणारी विमाने घटतात. धंद्याच्या हिशेबात हा तोटाच. हवा बरी असली की ही खबरदारी सहसा घेतली जात नाही.

३ नोव्हेंबर २०११ रोजी जर्मनीत म्युनिकला हेच घडले. सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ स्वयंचलित पद्धतीने उतरत होते. पट्टा राखलेला नव्हता. पुढे नुकतेच उडालेल्या एका लहान एव्ह्रो विमानामुळे संकेत ढळले आणि बोइंग धावपट्टी सोडून गवतात गेले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. लहान विमानाने हे होते, तर मोठ्याची गोष्टच सोडा.

पट्टा सदैव मोकळा ठेवावा, असा आमचा आग्रह नाही. गर्दीच्या विमानतळांना ते परवडणार नाही. पण वैमानिकाने ‘आम्ही स्वयंचलित उतरत आहोत’ आणि टॉवरने ‘पट्टा राखलेला नाही’ एवढे सांगायला पैसा लागत नाही. आमच्या मते या दोन वाक्यांची सक्ती सर्वत्र व्हावी. वेळ वाचवणे हा व्यापार आहे. प्रवाशाला अंधारात ठेवून तो वाचवणे व्यापार नव्हे.