न दिसणारे संकट

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. ते संकट डोळ्यांना दिसत होते, म्हणून शासन आणि समाज दोघेही जागे झाले. कुक्कुटपालनाच्या शेडमधून येणारे दुसरे एक संकट मात्र दिसत नाही. ते आहे प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचे.

राहुरीसारख्या ऊस-कांद्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला कुक्कुटपालनाच्या जोडधंद्याचा आधार वाटावा, हे स्वाभाविकच आहे. हा धंदा अनेकदा कराराने चालतो. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज आणि श्रम शेतकऱ्याचे. खाद्यात काय मिसळले आहे, याचा निर्णय त्याच्या हाती नसतो. पक्ष्यांचे वजन लवकर वाढावे, दाटीत रोग पसरू नये, म्हणून निरोगी पक्ष्यांनाही प्रतिजैविकांच्या अल्प मात्रा देण्याची रीत जगभर रूढ झाली. अशा मात्रेने दुबळे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे जिवाणू मांसाबरोबर स्वयंपाकघरात पोहोचतात. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१४ साली तपासलेल्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले होते.

कोलिस्टिनचे उदाहरण बोलके आहे. इतर औषधे हरली की अत्यवस्थ रुग्णासाठी डॉक्टर ज्याचा आधार घेतात, तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. त्याला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे २०१५ साली चीनमधील संशोधनाने दाखवून दिले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये पशुपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. हा निर्णय स्वागतार्हच होता. पण युरोपीय संघाने वाढीसाठी दिली जाणारी सर्वच प्रतिजैविके २००६ पासून बंद केली होती, हे विसरता येणार नाही.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला याचे काय?’ असे काही कुटुंबांना वाटेल. परंतु कोंबडखत शेतात जाते, पावसाचे पाणी ते ओढ्या-विहिरींत नेते, आणि रुग्णालयातील खाटेवर जिवाणू कोणाचा आहार विचारत नाही. २०१९ या एकाच वर्षात अशा प्रतिरोधक जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मग करायचे काय? कुक्कुटपालकाला गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटणार नाही. खाद्यातील प्रत्येक औषधाची नोंद करारात असावी. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीविना प्रतिजैविक विकले जाऊ नये. स्वच्छता, लसीकरण आणि पक्ष्यांना पुरेशी जागा यांवर भर द्यावा आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजण्याची तयारी ग्राहकानेही ठेवावी. १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने राहुरीतून ‘फुले त्रिवेणी’सारखी संकरित गाय दिली. त्याच विद्यापीठाने परिसरातील कोंबडखत, माती व पाणी यांच्या नियमित तपासणीत पुढाकार घेतला, तर शेतकऱ्याला विश्वासाचा सल्ला घराजवळच मिळेल.

अन्नाला देव मानणाऱ्या समाजाने ताटात काय येते याविषयी उदासीन राहावे, हे शोभणारे नाही. आज कोंबड्यांच्या खाद्यात वाया घालवलेले औषध उद्या आपल्याच मुलाच्या उशाशी निरुपयोगी ठरू नये, एवढे भान तरी आपण राखणार आहोत की नाही?