आधी तंबोरा ऐका

ट्रॉम्बेच्या जेट्टीवर संध्याकाळची भरती चढत होती. तिवरांतला चिखल पाण्याखाली गेला होता, खाडीपलीकडे नवी मुंबईचे दिवे लागले होते आणि माझ्या कानात ‘काउबॉय बीबॉप’चं संगीत चालू होतं. शेजारचे काका गाण्याचे जुने दर्दी. त्यांनी एक इअरफोन कानाला लावला आणि दोन मिनिटांत काढून दिला. म्हणाले, ‘‘कार्टूनचं पार्श्वसंगीत हे, चित्राला लावलेला टेकू. शब्द कळत नाहीत, आणि वाद्यंही आपली नाहीत.’’

काकांच्या कानाला मी मानतो. म्हणूनच त्यांचे तिन्ही आक्षेप खोडून काढणं भाग आहे.

पहिला आक्षेप टेकूचा. तो खरा धरला तर नाट्यपदं नाटकांबरोबरच संपायला हवी होती. ‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आलं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. आज मैफलीत त्यातलं पद रंगतं तेव्हा नायक धैर्यधर कुठल्या प्रवेशात उभा आहे, असं कोणी विचारतं का? नाटक न पाहिलेलेही माना डोलावतात. ‘बीबॉप’ ही १९९८ची, २६ भागांची जपानी ॲनिमेशन मालिका, म्हणजेच ॲनिमे. दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे, संगीतकार योको कान्नो. कान्नोबाई न मागितलेल्या रचनाही करून आणत आणि त्या ऐकून वातानाबेंना प्रसंग सुचत. मग टेकू कोणाला कोणाचा?

दुसरा आक्षेप शब्दांचा. तराण्यात ‘दिर दिर तन’चा अर्थ आपण कधी विचारला? पाचव्या भागात नायक चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीतून खाली कोसळतो. काचा फुटतात, मागे स्फोट होतो. अशा वेळी ढोल बडवले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. कान्नोबाईंनी तिथे ‘ग्रीन बर्ड’ ही कोवळ्या आवाजांची संथ रचना ठेवली. तिचे शब्द कुठल्याच बोलीतले नाहीत. त्यामुळे ते पडणं मारामारीतलं राहत नाही. एक माणूस आपल्या गतकाळात बुडत चाललाय, हे कानाला आधी कळतं. शब्द असते तर त्यांनी हे सांगून टाकलं असतं. इथे ते सुरातून उमगतं.

तिसरा आक्षेप परकेपणाचा, आणि तो तर आपल्याच माणसांनी कधीच निकालात काढलाय. ‘अलबेला’ आला १९५१ साली. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचं, ट्रम्पेट गोमंतकीय चिक चॉकलेटचा, नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा. या भगवानदादांचा स्टुडिओ होता चेंबूरला, म्हणजे या जेट्टीपासून फार दूर नाही! जॅझचा ट्रम्पेट तेव्हापासून आपल्या घरातला आहे.

पण ॲनिमेसंगीताच्या कैवाऱ्यांचंही एक चुकतं. वाद निघाला की ते मोगलीचं गाणं पुढे करतात. मोगलीची ती ५२ भागांची जपानी मालिका १९९३ साली हिंदीतून दूरदर्शनवर आली, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मीही त्या रविवारांवर जीव टाकणाऱ्या पोरांतलाच. पण ते गाणं गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी इथे रचलेलं. त्याच्या बळावर जपानी संगीताची बाजू मांडता येत नाही, आणि बालपणाची आठवण म्हणजे रसग्रहणही नव्हे. या प्रकारातलं बरंचसं संगीत नुसतं प्रसंग भरून काढणारं असतं, हेही कबूल करायला हवं. म्हणूनच पारख हवी, सरसकट नकार नको आणि सरसकट कौतुकही नको.

ती पारख कशी करायची? ‘बीबॉप’चं शीर्षकसंगीत ‘टँक!’ घ्या. पडदा बंद ठेवा. आरंभी पितळी वाद्यांचा झटका, मग उरतात फक्त बेस आणि बोंगो. त्या मोकळ्या जागेत एक बोलता आवाज येतो, आणि मग सगळा ताफा एकदम तुटून पडतो. पुढे मासातो होन्दाचा सॅक्सोफोन चौकटीबाहेर धाव घेतो, तरी बेस आपली चाल सोडत नाही. भरून वाजवण्याआधी रिकामं ठेवायचं धाडस ज्याला जमतं, त्याला मी रचनाकार म्हणतो. त्याने ते मैफलीसाठी केलं की मालिकेसाठी, याने फरक पडत नाही.

गायकाआधी तंबोरा ऐकावा, हे मला काकांनीच शिकवलं. मी इअरफोन पुन्हा त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, ‘‘काका, आधी फक्त बेस ऐका. तुमचा तंबोरा तिथे आहे.’’