नाताळचा चित्रपट आणि आपली ईद

डिसेंबर लागला की मोबाईलवर एका ठरावीक धाटणीचे इंग्रजी चित्रपट फिरू लागतात. बर्फ पडतोय, दारोदारी दिवे लागलेत, एक मुलगा आणि एक मुलगी आधी भांडतात आणि नाताळच्या रात्रीपर्यंत त्यांचे जुळते. आमच्या हट्ट्यात डिसेंबरात बर्फ नसतो. उसाच्या ट्रॉल्या असतात आणि सकाळच्या शेकोट्या. तरीही आमच्या नववी-दहावीच्या मुली हे चित्रपट हिंदीत डब केलेले पाहतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकींना गोष्टी सांगतात. काही पालकांनी आम्हाला विचारले, "आपल्या मुलींनी हे पाहावे का? सण दुसऱ्यांचा, रीत दुसऱ्यांची." प्रश्न रास्त आहे. पण 'बघू नका' म्हणण्याआधी, मुलींचे मन तिकडे ओढले का जाते, हे समजून घेतले पाहिजे.

या प्रकारातला एक जुना आणि फार चांगला चित्रपट म्हणजे १९४० सालचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर'. गोष्ट बुडापेस्ट शहरातल्या एका दुकानाची आहे. दुकानात क्रालिक नावाचा तरुण आणि क्लारा नावाची तरुणी कामाला आहेत. दोघांचे क्षणभर पटत नाही. मात्र दोघेही एका अनोळखी व्यक्तीला पत्रे लिहीत असतात, आणि पत्रांत दोघेही किती समजूतदार, किती हळवे! ती अनोळखी व्यक्ती म्हणजे समोरच काम करणारा आपला वैरी आहे, हे त्यांना ठाऊक नसते. क्रालिकला ते आधी कळते, क्लाराला नाताळच्या आदल्या रात्री.

ही झाली जोडीची गोष्ट. पण आमच्या लक्षात राहिला तो दुकानाचा वयस्क मालक. त्याचा संसार मोडला आहे. तो खचून इस्पितळात राहून आला आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी विक्री जोरात होते, दुकान बंद करायची वेळ येते, बाहेर बर्फ पडत असतो. मालक रस्त्यावर उभा राहून घरी निघालेल्या नोकरांची विचारपूस करतो, आज कुठे जेवणार? ज्याला त्याला आपले कुणी ना कुणी आहे. 'मी एकटा आहे, माझ्याबरोबर चला' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. शेवटी नुकताच कामावर लागलेला एक पोरगा बाहेर येतो. त्याच्या घरचे या शहरात नाहीत. मालकाचा चेहरा उजळतो, आणि कायकाय मागवायचे हे रंगवून सांगत तो त्या पोराला जेवायला घेऊन जातो.

आमच्या मते या चित्रपटांची खरी ओढ इथे आहे. एरवी मनातली गोष्ट उद्यावर ढकलता येते. सणाच्या दिवशी ती ढकलता येत नाही, कारण त्या दिवशी कोण कुणाच्या दस्तरखानावर बसले आणि कोण एकटे राहिले, हे उघड दिसते. म्हणून अबोला धरलेले बोलतात आणि गावाला गेलेले परततात. जोडी जुळणे हा त्याचाच एक भाग. सणाला कुणी एकटे राहू नये, ही इच्छा तर प्रत्येक घरातली आहे.

आता 'सण दुसऱ्यांचा' या मुद्द्याकडे येऊ. हजरत ईसा (अ.) यांना आपण अल्लाहचे पैगंबर मानतो, नाताळ मात्र आपला सण नाही, हे मुलांना सरळ सांगावे. पण हेही सांगावे की या चित्रपटाचा दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच हा बर्लिनमधल्या एका यहुदी शिंप्याचा मुलगा होता. ज्या नाटकावरून चित्रपट घेतला, त्याचा लेखक मिक्लोश लास्लो हाही हंगेरीचा यहुदी. १९३८ मध्ये त्याने देश सोडून अमेरिका गाठली. नाताळ यांच्याही धर्माचा सण नव्हता. युरोपात त्या काळी यहुद्यांवर काय वेळ आली, हे आपण इतिहासात शिकवतो. त्यांनी दुसऱ्यांच्या सणातले माणूसपण ओळखले, म्हणून त्यांचा धर्म बदलला नाही.

इतके दूरही जायला नको. १९७९ चा 'बातों बातों में' नाताळवरचा नसला, तरी मुंबईतल्या ख्रिस्ती घरांतली हलकीफुलकी प्रेमकथा आहे. लोकल गाडीत भेटणारे टोनी आणि नॅन्सी, लेकीच्या लग्नाची घाई झालेली आई, आणि दोघांची ओळख करून देणारे टॉम अंकल. दिग्दर्शक बासु चटर्जी बंगाली, टोनी झालेले अमोल पालेकर मराठी, आणि टॉम अंकल झालेले डेव्हिड हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले, आडनाव चेऊलकर. तो चित्रपट पाहताना 'हे ख्रिस्ती घर आहे' हे आपण विसरतो आणि 'ही आई तर आपल्या खालासारखीच आहे' असे म्हणतो.

आमची खंत याच जागी आहे. हिंदी पडद्यावर आपली प्रेमकथा आली ती 'चौदहवीं का चाँद' (१९६०) किंवा 'मेरे महबूब' (१९६३) यांसारखी. शेरवानी, हवेली, शायरी. ते चित्रपट सुंदर आहेत, पण ते घर आमच्या विद्यार्थिनींचे नाही. पुण्याहून ईदसाठी निघालेला मुलगा, वसमतच्या बसस्थानकावर ताटकळलेला. इकडे शिंप्याकडे अडकलेले कपडे. शीरखुर्म्याच्या दुधावरून दादी आणि अम्मीची कुरबुर. आणि घरात चाललेली निकाहची बोलणी, ज्यात मुलीला कुणी विचारलेच नाही, आणि चाँदरातीला ती स्वतः तोंड उघडते. एवढ्यात हसवणारा, डोळे पाणावणारा चित्रपट आहे. तो कुणी काढत नाही, म्हणून मुली आपले घर बर्फात शोधतात.

या चित्रपटांत उणिवा आहेत. पुष्कळ नवे चित्रपट म्हणजे निव्वळ खरेदीची जाहिरात असतात, काही लहानांसोबत पाहण्याजोगे नसतात, आणि सगळेच जिथे संपतात तिथून खरा संसार सुरू होतो. म्हणून पालकांनी मोबाईल हिसकावण्यापेक्षा शेजारी बसून पाहावे आणि नंतर विचारावे, 'तुला यात काय आवडले?' लेकीच्या मनात काय आहे, हे त्या उत्तरातून कळेल. लग्नाच्या वेळी तिची रजामंदी मनापासून विचारायची, तर तिच्याशी बोलण्याची सवय आधीपासून हवी.

आणि एक हिशेब मोठ्यांसाठी. क्रालिक आणि क्लारा दूरच्या अनोळख्याला गोड लिहायचे आणि समोरच्याला टोचून बोलायचे. आपणही ईदच्या सकाळी शंभर जणांना 'ईद मुबारक' पाठवतो आणि भिंतीपलीकडच्या भावाशी बोलत नाही. फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा, तो गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी म्हणून. पण ज्याच्या घरी धान्य आहे आणि माणूस नाही, त्याचे काय? मुले हैदराबादला, पुण्याला, म्हातारी एकटी. अशी घरे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. येत्या ईदला शीरखुर्म्याचा डबा नुसता पोहोचवू नका. लेकराला सांगा, "नानीला हात धरून घेऊन ये, आज जेवण आपल्याकडे."