सव्वा लाखाची एनफिल्ड कोणासाठी?

येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येत आहे. सभागृहातील राणी लक्ष्मीबाईंच्या तसबिरीखाली काचेच्या पेटीत 'राणीच्या फौजेतील १८५७ ची एनफिल्ड रायफल' ठेवावी आणि तिच्यासाठी इमारत निधीतून सव्वा लाख रुपये काढावेत, असा तो ठराव आहे. कार्यकारिणीत तो टाळ्यांच्या गजरात संमत झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती बंदूक हातात घेऊन पाहिली, असे आम्ही विचारले. उत्तर आले, "अहो, त्यात पाहायचे काय? जुनी आहे, दिसतेच आहे!"

आम्ही मात्र पाहिली. विक्रेत्याच्या गोदामात जाऊन, खिडकीजवळ नेऊन, बॅटरी लावून पाहिली. तो सारखा म्हणत होता, "साहब, झाँसी का माल है, आँख बंद करके ले जाइए." डोळे मिटून घ्यायचीच ही वस्तू आहे, यात शंका नाही.

घोड्याखालच्या लोखंडी पाटीवर कंपनी सरकारचा सिंह होता, मागच्या पायांवर उभा. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १८०८ पासून आपल्या हत्यारांवर हा सिंह उमटवला, इथवर ठीक. पण त्याच पाटीवर साल होते १८६९. कंपनीचा कारभार १८५८ मध्येच संपून राणी व्हिक्टोरियाच्या सरकारकडे गेला. शिवाय १८६६ पासून इंग्रज आपल्या ठासणीच्या एनफिल्ड कापून स्नायडर पद्धतीच्या, मागून काडतूस भरायच्या बंदुका करू लागले होते. मग १८६९ साली मेलेल्या कंपनीचा सिंह ठासणीच्या बंदुकीवर कोणी काढला? वायव्य सरहद्दीवर दर्रा आदमखेलच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी बंदुकांच्या नकला घडवल्या जातात. तिथल्या कारागिराचा हात वाखाणण्यासारखा, पण इंग्रजी अक्षरे त्याच्या लेखी नुसती नक्षी. म्हणून 'एन' उलटा पडतो, राणी १९०१ मध्ये वारली तरी पुढच्या सालांच्या बंदुकांवर तिचा मुकुट आणि आद्याक्षरे येतच राहतात. आपल्या पाटीचे गोत्र आम्हांला तिकडचेच वाटते.

मग नळी. अस्सल १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड म्हणजे ३९ इंची नळी, तिला दस्त्याशी धरून ठेवणाऱ्या तीन कड्या, आणि आत पीळ घेत गेलेल्या तीन खाचा. या खाचा आहेत म्हणून तर ती रायफल. या नळीच्या तोंडात बोट फिरवले, बॅटरी मारली; आतून साफ गुळगुळीत. विक्रेता म्हणाला, वापरून झिजली. झिजली असती तर कुठेतरी खाचेचा माग राहिला असता. बंड मोडल्यावर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती मुद्दाम बिनखाचांच्या, मोठ्या व्यासाच्या नळीच्या बंदुका दिल्या, म्हणजे पुन्हा उठाव झालाच तर त्यांचा नेम गोऱ्यांइतका लांब लागू नये. त्यामुळे दिसायला एनफिल्ड आणि आतून गुळगुळीत, असे खरे हत्यारही सापडते. पण तेही बंडानंतरचे! राणीच्या हातचे नव्हे, राणीनंतर आलेल्या धास्तीचे.

आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणून ज्यावर बोट ठेवले गेले, ती नळीच्या बुडाशी कोरलेली देवनागरी अक्षरे. "बघा, आपली लिपी!" आमच्या एका मित्राचे डोळे भरून आले होते. आम्ही भिंग लावले. अक्षरे होती 'श्री ३'. मंडळी, ही उपाधी झाशीची नाही, ती नेपाळच्या राणा महाराजांची. काठमांडूच्या जुन्या राजवाड्यात साठलेली हजारो इंग्रजी आणि नेपाळी हत्यारे २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी एकगठ्ठा विकत घेतली आणि जगभरच्या बाजारात तसला माल आला. त्यातल्या पुष्कळ बंदुका अस्सल आहेत, नेपाळच्या म्हणून. पण याच राणांच्या घराण्यातले जंगबहादूर १८५८ च्या सुरुवातीला आपली गुरखा फौज घेऊन लखनौ जिंकायला इंग्रजांच्या मदतीला धावले होते. म्हणजे ज्यांनी बंड चिरडायला हात लावला त्यांच्या दरबाराची खूण आपण लक्ष्मीबाईंच्या तसबिरीखाली मांडणार, आणि वर हार घालणार!

दस्त्याचे काय सांगावे? दीडशे वर्षांचे लाकूड लोखंडापासून आखडते, हात लागतो तिथे तुकतुकीत होते, लागत नाही तिथे खडबडीत राहते. हा दस्ता सगळीकडून सारखाच काळा होता आणि त्याला बुटाच्या पॉलिशचा वास येत होता. घोड्याची पाटी उतरवून आतली स्प्रिंग दाखवा म्हटले, तर स्क्रू गंजलेत म्हणाला. स्क्रूच्या खाचा मात्र नव्या पेचकसाने चकाकत होत्या.

थोडक्यात पाटी एकीकडची, नळी दुसरीकडची, लाकूड बहुधा गेल्या पावसाळ्यानंतरचे.

बरे, क्षणभर धरून चालू की बंदूक अस्सल १८५३ च्या नमुन्याची निघाली. तरी ती 'राणीच्या फौजेची' कशी ठरते? एनफिल्डच्या काडतुसांवरून भडका उडाला हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण १८५७ च्या मे महिन्यापर्यंत ती रायफल देशी पलटणींना सर्रास वाटलेलीच नव्हती. दमदम, अंबाला आणि सियालकोट येथे निवडक शिपायांना तिचे शिक्षण सुरू झाले होते, इतकेच. २९ मार्च १८५७ ला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले तेव्हा त्यांच्या पलटणीकडे जुन्या गुळगुळीत नळीच्या मस्केटी होत्या. झाशीच्या तटावर तोड्याच्या बंदुकाही होत्या आणि तोफाही. एनफिल्ड झाशीवर आणि ग्वाल्हेरवर मुख्यतः समोरून आली, ह्यू रोजच्या गोऱ्या सैनिकांच्या खांद्यावरून. लुटीत काही आपल्याकडे आल्या असतील. पण अमुक बंदूक त्यांतली, हे सांगायला कागद लागतो. इथे कागद म्हणजे विक्रेत्याने संगणकावर छापलेले प्रमाणपत्र.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. हा आटापिटा कशासाठी हे आम्हांलाही कळते. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला निवडणूक आली की कोणीतरी १८५८ ची आठवण करून देतो आणि आपण सगळे इंग्रजांचे बगलबच्चे होतो असे सुनावतो. त्याला भिंतीवरून उत्तर द्यावे, ही भावना आमचीही आहे. पण उत्तर खरे असताना खोटे का द्यावे? १ जून १८५८ ला मोरारजवळ बहादूरपूरला जयाजीराव शिंदे तात्या टोप्यांवर चालून गेले तेव्हा त्यांची बहुतेक फौज लढली नाही, तिकडे जाऊन मिळाली. महाराज आणि दिवाण दिनकरराव आग्र्याला गेले. फौज इथेच राहिली. त्या फौजेतल्या मराठी घरांचे वंशज आज आपल्या सभासद यादीत आहेत. वरसईचे गोडसे भटजी झाशीच्या वेढ्यात स्वतः होते. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ पासून छापील उपलब्ध आहे. तो सभागृहाच्या कपाटात आहे का? नाही. आम्ही पाहिले.

उद्या एखादा जाणकार, किंवा आपला विरोधक, त्या पेटीसमोर उभा राहून 'श्री ३' वाचील, त्याचा फोटो वर्तमानपत्रात येईल, आणि बहादूरपूरची खरी गोष्टही मग कोणी ऐकून घेणार नाही. सव्वा लाखात आपण हे विकत घेत आहोत.

कायद्याचे कोणी काढले नाही म्हणून आम्ही काढतो. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणून ती विकली जात असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे विक्रेत्याकडे परवाना हवा. तो त्याने दाखवला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून जुनी हत्यारे सुटतात ती दुरुस्तीनेही उडणार नाहीत अशीच; उडण्याजोगी ठासणीची बंदूक परवान्याशिवाय सभागृहात ठेवली तर जबाबदारी अध्यक्षांची की टाळ्या वाजवणाऱ्यांची?

आमची उपसूचना अशी आहे. खरेदी रद्द करावी. त्याच पैशातून मोडी वाचणारा माणूस वर्षभर नेमावा. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर रुमालात बांधलेले कागद आहेत, नेमणुकांचे, पगाराचे, जप्तीचे, आणि ते दरवर्षी वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या पोटात जात आहेत. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची तोड्याची बंदूक आहे त्यांनी ती पॉलिश करू नये, रंगवू नये, नळीत काही घालून पाहू नये. परवाना नसेल तर आधी आमच्यातल्या वकील मंडळींशी बोलावे. आणि रविवारी सभेला येताना, शक्य असेल त्यांनी, घरचा एक तरी मोडी कागद बरोबर आणावा. आम्ही भिंग घेऊन दाराशी बसणार आहोत.