पंधरा उणे पाच

बोईसर स्थानकापासून दहा किलोमीटरवर एक गाव आहे असे समजा. तेथे एका माणसाचे हृदय अचानक बंद पडले. कोणीतरी तत्काळ १०८ क्रमांक फिरवला आणि रुग्णवाहिका त्याच क्षणी बोईसरहून निघाली. कारखान्यांच्या मालमोटारी आणि पाळी सुटण्याची गर्दी लक्षात घेता तिचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरू. गणित सातवीचे आहे. गाडी पोहोचण्यास १५ मिनिटे लागतील. आता दुसरी संख्या पाहा. रक्तपुरवठा थांबल्यावर मेंदूला कायमची इजा होऊ लागण्यास ४ ते ६ मिनिटे पुरतात. पंधरातून पाच वजा केल्यावर जी दहा मिनिटे उरतात, त्यांविषयी मला विद्यार्थी मित्रांशी, आणि त्यांच्या शिक्षकांशीही, बोलायचे आहे.

इस्पितळाच्या अपघात विभागात पूर्वी कोण डॉक्टर असे? ज्याची पाळी असेल तो. बहुधा नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला. डोळ्यांना, कानांना, हाडांना स्वतंत्र तज्ज्ञ होते. परंतु मरणाच्या दारातून आलेल्या रुग्णाला पहिल्या तासात सांभाळणे ही एक वेगळी विद्या आहे, हे वैद्यकशास्त्राने फार उशिरा मान्य केले. आणि ते मान्य करून घेण्याचे काम सरकारांनी केले नाही, डॉक्टरांच्या संघटनांनी केले. ब्रिटनमध्ये १९६७ साली अपघात विभागातील शल्यविशारदांनी आपली संघटना काढली. १९६८ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात अवघ्या आठ डॉक्टरांनी तसेच केले, आणि अकरा वर्षांनी, १९७९ मध्ये, तेथे आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली. आपल्याकडे ही मान्यता २००९ साली आली. म्हणजे तीस वर्षांचे अंतर! त्यामागे ‘सोसायटी फॉर इमर्जन्सी मेडिसिन, इंडिया’ या राष्ट्रीय संघटनेचा पाठपुरावा होता.

पण मिळवलेले टिकतेच असे नाही. २०२० च्या नियमांनी प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात आपत्कालीन वैद्यकाचा विभाग आवश्यक ठरवला. २०२३ च्या नियमांत आवश्यक विभागांच्या यादीतून तो गळला. या शाखेच्या डॉक्टरांनी हरकत घेतली. माझ्या मते त्यांची हरकत रास्त होती. जो विभाग महाविद्यालयात नाही, त्याचे शिक्षण भावी डॉक्टरला मिळणार कोठून?

पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याला हा दूरचा वाद वाटू नये. देशातील पहिले अणुवीजकेंद्र १९६९ पासून तारापूरला आहे. त्याच्या शेजारी रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. जानेवारी २०२० मध्ये तेथील एका कारखान्यात झालेल्या स्फोटाने कामगारांचे प्राण घेतले. पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. जखमी झालेल्या दोघांना आधी वापीला, म्हणजे शेजारच्या राज्यात, आणि मग मुंबईला नेण्यात आले. आमच्याकडे चहाच्या टपरीवर अणुभट्टीच्या धोक्याची चर्चा रंगते. तशा प्रसंगासाठी निदान आराखडे तरी आखलेले असतात. घरातल्या ओसरीवर कोसळणाऱ्या आजोबांसाठी कोणता आराखडा आहे?

काही वर्षांपूर्वी आमच्या मार्गावरील एका फलाटावर माझ्यासमोर एक गृहस्थ कोसळले. कोणी पाणी शिंपडले, कोणी नाकाशी कांदा धरला. पंपाचे कार्य फळ्यावर गेली कित्येक वर्षे समजावून सांगणारा मी, हातात पिशवी घेऊन उभा राहिलो. हृदय हा पंपच आहे, आणि तो बंद पडला तर बाहेरून दाबून चालवता येतो, हे मला ठाऊक होते. कसा, ते ठाऊक नव्हते. त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

ते ‘कसे’ फारसे अवघड नाही. इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्स ही भूलतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना १९४७ पासून आहे. तिने २०१७ साली सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तोंडाने श्वास देण्याचा भाग वगळला, कारण अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात आणि मग काहीच करत नाहीत. (बुडालेल्याला आणि लहान मुलांना मात्र श्वासही लागतो.) हाक मारून, हलवून पाहावे. प्रतिसाद नसेल आणि नीट श्वास चालत नसेल, तर १०८ ला कळवून छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला सुमारे १२० वेळा दाबावे. खोली ५ ते ६ सेंटिमीटर.

आता येथे थोडे पदार्थविज्ञान. प्रौढाची छाती एवढी दबण्यास सुमारे ४०० ते ५०० न्यूटन बल लागते. ४५ किलोग्रॅम वस्तुमानाच्या नववीतल्या मुलाचे सगळे वजन ४४० न्यूटन भरते! म्हणून कोपरे वाकवून दंडाच्या जोरावर दाबणारा लवकर दमतो. कोपरे ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, म्हणजे शरीराचे वजनच काम करते. तरीही दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. एवढे करून नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा मिळतो. पण रुग्णवाहिका येईपर्यंत मेंदू तगवण्यास तो उपयोगी पडतो.

संघटनेचे खरे बळ या प्रमाणीकरणात आहे असे मला वाटते. मीटर जसा पालघरला आणि पॅरिसला एकच, तशी ही कृती सर्वत्र एकच शिकवली गेली पाहिजे. माझी तक्रार एवढीच, की हे प्रमाण मोठ्या शहरांतल्या सभागृहांत जितके पोहोचते तितके विक्रमगड-मोखाड्याच्या आश्रमशाळांत पोहोचत नाही. १२ वर्षांपुढील प्रत्येक मुलाला दरवर्षी दोन तास हे शिक्षण द्यावे, या आवाहनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच पाठिंबा दिला आहे. दोन तास म्हणजे साडेतीन तासिका. मुख्याध्यापकांनी जवळच्या भूलतज्ज्ञाला पत्र लिहिले तर तो येईल. सरावाचा पुतळा नसेल तर घट्ट भरलेली उशी सुरुवातीला चालते.

वर्गात दोन प्रश्न हमखास येतील. बरगडी मोडली तर? मोडू शकते, थांबू नये, बरगडी पुढे सांधते. आणि पोलिसांचे लचांड? रस्त्यावरील अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्याला २०१९ साली मोटार वाहन कायद्यात घातलेल्या १३४-अ या कलमाने संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही.