यंत्र मोठे नको, माहिती जागेवर हवी



हंगाम तोंडावर आला की शेतकी ऑफिसात गर्दी होते. ऊस नोंद झाली का, लागणीची तारीख बरोबर लागली का, तोड कधी, एवढेच विचारायचे असते. क्लार्क म्हणतो, "थांबा आबा, मशीन फिरतंय." चहा येतो, संपतो, मशीन फिरतच असते. मग कोणीतरी म्हणतो, नवे मोठे यंत्र घ्या. आमचे म्हणणे, जरा थांबा.

आपल्या एका सभासदाचा मुलगा पनवेलजवळ ओवे येथे छोट्या ऑफिसात हिशेब पाहतो. तिथे ऊस नाही, पण दुखणे हेच. पाच संगणक, आणि सगळ्यांचा हिशेब नेटवर्कवरच्या साठवण-पेटीतल्या एकाच फाइलीत. एकटा बसला की काम पळायचे, पाचजण बसले की अडायचे. मोठी पेटी आणली, तरी तेच!

कारण साधे. वजनाच्या वह्या कारखान्यावर, आणि एका पावतीसाठी गट ऑफिसने गठ्ठेच्या गठ्ठे मागवून चाळायचे, असा तो कारभार. पाचजणांनी मागवले तर रस्ता तुंबणारच. शिवाय एकजण लिहितोय तोवर दुसरा खोळंबतो.

त्या पोराने शोधणारा प्रोग्राम माहितीजवळच, एका सर्व्हरवर बसवला. आता टेबलावरून फक्त प्रश्न जातो आणि उत्तर येते. खाते नंबरावर अनुक्रमणिका केली, म्हणजे सगळी वही चाळणे नको. जुना 100 मेगाबिटचा स्विच सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट नेतो. गिगाबिटचा त्याच्या दहापट. तो बदलला. साठवण-पेटी फेकली नाही, रोज रात्रीची नक्कल तीत ठेवली.

सहकारातही हा धडा जुना आहे. वारणानगरला 1998 साली सुमारे 70 गावांसाठी संगणकांची योजना सुरू झाली. पुढे 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथेच सात गावांत मोबाइलच्या संदेशाने ऊसाची माहिती देऊन पाहिली. माहिती जागेवर राहिली, फिरला तो प्रश्न. साध्या फोनवर काम भागले.

कोणी म्हणेल, सर्व्हर बंद पडला तर सगळेच ठप्प! खरे आहे. म्हणून नक्कल हवीच, आणि ती परत उघडते की नाही हे महिन्यातून एकदा तपासलेही पाहिजे.

बंधूंनो, हा क्लार्कच्या सोयीचा प्रश्न नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. नोंद अडली की बिल अडते. तोड लांबली की वजनही घटते, साखरही.

तेव्हा वार्षिक सभेत यंत्राच्या खर्चाला हात वर करण्याआधी एवढे विचारा: अडते कुठे? प्रोग्राम कुठे चालतो? अनुक्रमणिका आहे का? नक्कल कधी तपासली? उत्तर मिळाल्यावर मग पैसे खुशाल मंजूर करा. शेवटी ते आपल्याच घामाचे आहेत.